हळदोण्याचे ट्रंपेटवादक

लग्नसराईचे दिवस असावेत, दिवेलागणीची वेळ असावी आणि रस्त्याने वाजतगाजत वरात चाललेली असावी, हे दृश्य महाराष्ट्रात कोणास अपरिचित नाही. मुंबईच्या गिरगावात पाहावे, कोल्हापुरात पाहावे, अथवा जालना शहरातील मस्तगडासारख्या जुन्या वस्तीत पाहावे. वरातीच्या पुढे बँडवाले असतात, आणि त्यांच्यांतील एखादा वादक पितळेचे चकचकीत वाद्य ओठांशी धरून त्यात सारा जीव ओतीत असतो. ढोलताशांच्या गदारोळातूनही त्याचा सूर स्पष्ट ऐकू येतो. हे वाद्य म्हणजे ट्रंपेट. आपल्या तुतारीचे ते दूरचे भावंड होय. युरोपातून ते आपल्याकडे आले, लष्करी बँडात वाजू लागले, आणि पुढे चित्रपटसंगीतातही मानाने जाऊन बसले. त्याला हे मानाचे स्थान मिळवून देणाऱ्या कलावंतांत गोमंतकाच्या एका सुपुत्राचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. त्यांचे खरे नाव आंतोनियो झेवियर वाझ. परंतु लोकांनी त्यांना ओळखले ते चिक चॉकलेट या गमतीदार नावाने.

आंतोनियो यांचा जन्म १९१६ साली गोव्यातील बार्देश तालुक्यात हळदोणे या गावी झाला. गोव्यावर त्या वेळी पोर्तुगिजांचे राज्य होते. ते पुढे १९६१ साली संपले. गावोगावच्या चर्चला जोडून तेथे शाळा असत. या शाळांत मुलांना अक्षरओळखीबरोबरच स्वरओळखही करून दिली जाई. पाच आडव्या रेषांवर काढलेली टिंबे पाहून स्वर कसा ओळखावा, तो गळ्यातून कसा काढावा, व्हायोलिनवर बोटे कशी ठेवावीत, हे गावातील मुले लहानपणीच शिकत. प्रार्थनेच्या वेळी गाण्याकरिता आणि सणाच्या दिवशी वाजविण्याकरिता ही तयारी करून घेतली जात असे. गोव्यात उद्योगधंदे थोडे होते. त्यामुळे अनेक तरुणांना पोटासाठी मुंबईची वाट धरावी लागे. शाळेत शिकलेली ही स्वरविद्या तेव्हा त्यांच्या उपयोगी पडे. मुंबईत धोबीतलावच्या परिसरात गोमंतकीयांची कुडे होती. कूड म्हणजे एका गावच्या लोकांनी आपल्या गावकऱ्यांसाठी चालविलेले वसतिस्थान. अशा कुडांच्या आश्रयाने राहून कितीतरी वादकांनी आपल्या आयुष्याचा आरंभ केला.

आंतोनियो यांनीही स्वरांचे पहिले धडे चर्चच्या शाळेतच गिरविले. मुलाने यंत्रकाम शिकावे, कारागीर व्हावे आणि चार पैसे मानाने मिळवावेत, अशी त्यांच्या आईची इच्छा होती. तिची इच्छा गैर होती असे कोण म्हणेल? वादकाचे जीवन अस्थिर असते. आज काम आहे, उद्या नाही. आज टाळ्या आहेत, उद्या कोणी विचारीत नाही. मुलाच्या भाकरीची काळजी आईने करावयाची नाही तर कोणी? परंतु आंतोनियो यांचे मन संगीतात गुंतले होते. त्यांनी ट्रंपेट हाती घेतले ते कायमचेच.

ट्रंपेट दिसावयास सोपे दिसते. त्यावर अवघ्या तीन कळा असतात. परंतु हे वाद्य वाजविणे सोपे नाही. बासरीत नुसती फुंकर घालून भागते. ट्रंपेटमध्ये मात्र वादकाला आपले ओठ घट्ट मिटून त्यांतून वारा सोडावा लागतो. ओठ थरथरतात आणि त्या कंपनाचा नळीतून नाद होतो. कळ दाबली की वाऱ्याला अधिक लांब नळीतून जावे लागते आणि स्वर खाली उतरतो. मधली कळ स्वर अर्ध्याने उतरविते, पहिली कळ एका पूर्ण स्वराने, तर तिसरी दीड स्वराने. एकाच कळीवर ओठ अधिक आवळले की पुन्हा वरचा स्वर निघतो. म्हणजे बोटे थोडे काम करतात, आणि खरे काम ओठांना, श्वासाला व कानाला करावे लागते. काही दिवस रियाज चुकला तरी ओठांची ताकद कमी होते. असे हे वाद्य आंतोनियो यांनी चिकाटीने हस्तगत केले.

त्या काळी अमेरिकेत लुई आर्मस्ट्राँग या ट्रंपेटवादकाची कीर्ती शिगेला पोहोचली होती. आर्मस्ट्राँग हे निग्रो वंशाचे, ज्यांना आज आपण आफ्रिकी-अमेरिकी म्हणतो त्या समाजाचे होते. १९०१ साली न्यू ऑर्लिन्स शहरात अत्यंत गरिबीत त्यांचा जन्म झाला. लहानपणी त्यांना मुलांच्या सुधारगृहात राहावे लागले आणि तेथेच त्यांच्या हाती वाद्य आले. अमेरिकेत त्या वेळी काळ्या लोकांना गोऱ्यांच्या पंगतीला बसण्याची मुभा नव्हती. परंतु आर्मस्ट्राँग यांच्या सुरांनी साऱ्या जगाच्या घरांत प्रवेश मिळविला. त्यांच्या तबकड्या समुद्र ओलांडून मुंबईला येत. आंतोनियो यांनी या कलावंताला मनोमन गुरू मानले. महाभारतातील एकलव्याप्रमाणे त्यांनी दूर असलेल्या गुरूची विद्या श्रवणाने व अभ्यासाने आत्मसात केली.

मुंबईत या संगीताला पोषक असे वातावरणही तयार होत होते. १९३५ साली लिऑन अ‍ॅबी या अमेरिकी वादकाचा संच ताजमहाल हॉटेलात येऊन दाखल झाला. त्यानंतर टेडी वेदरफोर्ड हे नामवंत पियानोवादक आले. आपल्या मायदेशी ज्यांना वर्णभेदाचे चटके सोसावे लागत, अशा या कलावंतांना हिंदुस्थानात मोठा श्रोतृवर्ग लाभला. गोमंतकीय वादकांना स्वरलेखन वाचता येत होतेच; जाझ संगीताची चाल आणि लकब त्यांनी या पाहुण्यांकडून उचलली.

या संगीताचा एक प्रकार स्विंग या नावाने प्रसिद्ध आहे. स्विंग म्हणजे झोका. टाळी देऊन तिच्या दोन सारख्या भागांत दोन स्वर म्हणावेत, त्याऐवजी पहिला स्वर थोडा लांबवावा आणि दुसरा आखूड करावा, म्हणजे गाण्याला झोक्यासारखी डुलती गती येते. ऐकणाऱ्याचे पाय आपोआप ठेका धरू लागतात. साधारणपणे १९३५ ते १९४५ या दहा वर्षांत या संगीताने जगाला वेड लावले. अमेरिकेत ड्यूक एलिंग्टन, काउंट बेसी, बेनी गुडमन यांच्यासारखे नायक मोठमोठे वाद्यवृंद चालवीत. अशा वृंदात ट्रंपेट, ट्राँबोन आणि सॅक्सोफोन यांचे वेगवेगळे ताफे असत, आणि पियानो, गिटार, खर्जाचे मोठे तंतुवाद्य व ड्रम हे लय सांभाळीत. काही भाग आधी कागदावर लिहिलेला असे व तो सर्वांनी बिनचूक वाजवावयाचा असे. मधूनच एखादा वादक उभा राही आणि आपल्या कल्पनेने त्या सुरावटीचा विस्तार करी. आपला गवई ताना घेत घेत दूर जातो आणि नेमका समेवर परत येतो, तसाच हा प्रकार समजावा. मोकळीक पुष्कळ, पण लयीचे बंधन कधी सुटावयाचे नाही.

आंतोनियो प्रथम स्पॉटलाइट्स नावाच्या संचात वाजवीत असत. पुढे त्यांनी स्वतःचा वाद्यवृंद उभारला. १९४५ सालाच्या सुमारास ते मुंबईच्या ग्रीन्स हॉटेलात अकरा वादकांच्या वृंदाचे नेतृत्व करीत होते. हे हॉटेल अपोलो बंदरावर, ताजमहाल हॉटेलाच्या शेजारी होते. आता ते राहिलेले नाही, आणि त्याच्या जागी ताजमहाल हॉटेलाची उंच इमारत उभी आहे. चिक चॉकलेट यांचा कार्यक्रम म्हटला की श्रोत्यांची झुंबड उडे. आर्मस्ट्राँग यांच्याप्रमाणे ते हाती रुमाल घेऊन रंगमंचावर येत, त्यांच्याच घोगऱ्या ढंगाने गात, आणि ट्रंपेटचा सूर असा उंच चढवीत की सभागृह दणाणून जाई. लोक त्यांना कौतुकाने हिंदुस्थानचे लुई आर्मस्ट्राँग म्हणू लागले.

वृंदाचे नेतृत्व करणे म्हणजे केवळ पुढे उभे राहून टाळ्या घेणे नव्हे. कोणते गीत कोणत्या गतीने घ्यावयाचे, कोणाला केव्हा पुढे आणावयाचे, कोणाचा स्वर दबतो आहे, कोणाचा चढतो आहे, याकडे नायकाचे चौफेर लक्ष असावे लागते. वाद्यवृंदाची तुलना शेतातील मोटेशी करता येईल. बैल, नाडा, चाक आणि मोट यांपैकी एकाचीही गती चुकली तर पाणी पाटात पडत नाही. अकरा जणांची अकरा मने एका लयीत बांधण्याचे हे काम चिक चॉकलेट यांनी वर्षानुवर्षे केले.

परंतु काळ पालटला. १९४७ साली देश स्वतंत्र झाला आणि इंग्रज अधिकारी व त्यांची कुटुंबे स्वदेशी परतली. हॉटेलांतील नृत्यसंगीताचा एक मोठा श्रोतृवर्ग त्यांच्याबरोबर गेला. लवकरच मुंबई राज्यात दारूबंदीचा कायदा आला. त्याचाही परिणाम हॉटेलांतील रात्रीच्या कार्यक्रमांवर झाला. वादकांपुढे रोजच्या भाकरीचा प्रश्न उभा राहिला. आईने लहानपणी व्यक्त केलेली काळजी आता खरी ठरते की काय, असे वाटावे अशी ती वेळ होती. अशा समयी ज्याची विद्या पक्की असते आणि ज्याचे मन नवे शिकावयास तयार असते, त्यालाच पुढची वाट सापडते. चिक चॉकलेट यांना ती चित्रपटसृष्टीत सापडली.

त्या काळी हिंदी चित्रपटांत सी. रामचंद्र यांचे नाव दुमदुमत होते. रामचंद्र नरहर चितळकर हे त्यांचे पूर्ण नाव. अहमदनगर जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील, पुणतांबे येथे १९१८ साली त्यांचा जन्म झाला. पुण्यास विनायकबुवा पटवर्धन यांच्याकडे त्यांनी शास्त्रीय संगीताचे शिक्षण घेतले होते. रागसंगीत आणि मराठी मातीतील लोकसंगीत त्यांच्या कानांत मुरलेले होते. त्याच वेळी पाश्चात्त्य संगीताचेही त्यांना मोठे आकर्षण होते. पुणतांब्याचे रामचंद्र आणि हळदोण्याचे आंतोनियो हे दोघे एकत्र आले. एकाची मातृभाषा मराठी, दुसऱ्याची कोंकणी. एकाचे शिक्षण गुरुजवळ बसून तंबोऱ्याच्या साथीवर झालेले, दुसऱ्याचे चर्चच्या शाळेत कागदावरील टिंबे वाचून. परंतु स्वर दोघांचेही सातच होते.

चित्रपटाचे गाणे कसे तयार होत असे, हे जाणून घेणे उद्बोधक ठरेल. संगीतदिग्दर्शक हार्मोनियमवर चाल बांधीत असे. चाल ही एकेरी ओळ होय. एकट्या गळ्याने ती गाता येते. परंतु ध्वनिमुद्रणाच्या दिवशी तेथे पुष्कळ वादक जमत. कोणी काय वाजवावे? गायिका थांबली की मधल्या जागेत कोणते वाद्य बोलावे? व्हायोलिनांनी केव्हा हळुवार साथ द्यावी आणि ट्रंपेटने केव्हा ललकारी द्यावी? हे सारे ठरवून प्रत्येक वाद्यासाठी स्वतंत्र कागद लिहावा लागे. हे काम करणाऱ्यास संगीतसंयोजक म्हणतात. त्याला प्रत्येक वाद्याचा स्वभाव ठाऊक असावा लागतो. उदाहरणार्थ, नेहमीच्या ट्रंपेटसाठी स्वर लिहावयाचे असतील तर ते पियानोच्या मानाने एका पूर्ण स्वराने वर लिहावे लागतात. हे विसरले तर वादक कागदाबरहुकूम वाजवील आणि तरीही सारा वृंद बेसूर होईल. शिवाय त्या काळी गायक आणि वादक यांचे ध्वनिमुद्रण एकाच वेळी होई. एकाची चूक झाली की गाणे पुन्हा पहिल्यापासून घ्यावे लागे. त्यामुळे कागदावर लिहिलेले बिनचूक असणे आणि ते पाहताक्षणी वाजविता येणे, या दोन्ही गोष्टींना फार महत्त्व होते. गोमंतकीय वादक या दोन्हींत तरबेज होते.

सी. रामचंद्र यांच्या संगीताला चिक चॉकलेट यांच्या साहाय्याने नवा बहर आला. १९५१ साली भगवानदादा पालव यांचा अलबेला हा चित्रपट प्रकाशित झाला. त्यातील गाण्यांनी देशभर धूम उडवून दिली. हॉटेलातील मोजक्या पाहुण्यांसाठी वाजणारा ट्रंपेटचा सूर आता गावोगावच्या चित्रपटगृहांत, गिरणगावातील चाळींत आणि लग्नाच्या मांडवांत पोहोचला. या चित्रपटाच्या एका गाण्यात चिक चॉकलेट आणि त्यांचे साथीदार झालरीच्या बाह्यांचे अंगरखे घालून पडद्यावर प्रत्यक्ष दिसतात. ज्यांनी जाझ हा शब्दही कधी ऐकला नव्हता, अशा लक्षावधी लोकांनी त्या संगीतावर ताल धरला. चाल देशी होती, शब्द देशी होते. आणि परक्या मुलखातून आलेला तो झोका त्यांत दुधात साखर मिसळावी तसा मिसळून गेला होता.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. आर्मस्ट्राँग यांच्यासारखे वाजविणारे म्हणून चिक चॉकलेट यांची कीर्ती झाली, हे खरे. परंतु दुसऱ्यासारखे वाजविणे ही शिकण्याची पहिली पायरी होय, शेवटची नव्हे. लहान मूल वडिलांचे अक्षर पाहून गिरविते. पुढे त्याचे स्वतःचे अक्षर तयार होते. चिक चॉकलेट यांचे स्वतःचे अक्षर दिसले ते चित्रपटसंगीतात. अमेरिकेत शोभेल तसे वाजविणे आणि मराठी संगीतकाराच्या हिंदी गाण्याला शोभेल तसे वाजविणे, यांत फार मोठे अंतर आहे. ते अंतर ओलांडण्यास नुसती नक्कल पुरत नाही. तेथे विवेक लागतो.

चिक चॉकलेट यांनी स्वतंत्रपणेही चित्रपटांना संगीत दिले. १९५१ सालचा नादान आणि १९५२ सालचा रंगीली हे त्यांपैकी होत. नादानमध्ये तलत महमूद यांनी गायिलेले एक हळुवार गीत रसिक अजूनही आवडीने ऐकतात. धडाकेबाज ट्रंपेट वाजविणाऱ्या या कलावंताच्या मनात एक शांत कोपराही होता, हे त्यावरून कळते. तथापि संगीतदिग्दर्शक म्हणून त्यांना फार मोठे यश लाभले नाही. त्यामुळे ते खचले नाहीत. ट्रंपेट त्यांच्या ओठांशी अखेरपर्यंत राहिले. १९६६ साली चेतन आनंद यांचा आखरी खत हा चित्रपट आला. संगीतकार खय्याम यांनी बांधलेल्या त्यातील एका गाण्याच्या प्रसंगी चिक चॉकलेट पडद्यावर ट्रंपेट वाजविताना दिसतात. पुढच्याच वर्षी, १९६७ साली, त्यांचे निधन झाले. त्यांचे वय त्या वेळी पन्नाशीच्या जेमतेम पलीकडे होते.

त्या काळातील चित्रपटांच्या नामावलीत संगीतदिग्दर्शकाचे नाव ठळक अक्षरांत झळके. गायकांची नावेही पुढे तबकड्यांवर येऊ लागली. परंतु रात्र रात्र जागून कागद लिहिणाऱ्या संयोजकांची आणि छातीचा भाता करून वाजविणाऱ्या वादकांची नावे पुष्कळदा कोठेच येत नसत. सेबॅस्टियन डिसूझा, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस असे कितीतरी गोमंतकीय कलावंत या क्षेत्रात होऊन गेले. अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे व्हायोलिन शिकलेल्या प्यारेलाल यांनी पुढे १९७७ साली एका लोकप्रिय चित्रपटगीतात आपल्या गुरूचे नाव गुंफून त्यांचे ऋण व्यक्त केले. बहुतेकांच्या वाट्याला मात्र एवढाही उल्लेख आला नाही. अलीकडे अभ्यासकांनी जुन्या वादकांच्या आठवणी आणि छायाचित्रे गोळा करून हा इतिहास उजेडात आणला आहे. हे काम अगत्याचे होते; कारण ज्यांच्या श्रमाने आपल्याला आनंद मिळाला त्यांची नावे विसरणे ही कृतघ्नता होय.

इमारतीचा कळस सर्वांना दिसतो, पाया कोणाला दिसत नाही. चिक चॉकलेट यांना मात्र कळस आणि पाया या दोन्ही जागी उभे राहता आले. रंगमंचावर ते नायक होते. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत ते दुसऱ्याच्या गाण्याचे सेवक झाले. नायकपण मिळाल्यावर सेवकपण पत्करणे अनेकांना कमीपणाचे वाटते. त्यांनी दोन्ही कामे सारख्याच निष्ठेने केली. अलबेला चित्रपटातील गाणी कधी कानांवर पडली, तर गायकाच्या आवाजामागून उसळणाऱ्या त्या पितळी सुराकडे मुद्दाम लक्ष द्यावे. हळदोण्याच्या एका मुलाने आपले सारे आयुष्य त्या सुरासाठी वेचले होते.